मार बाहेरून, जखम आतून

सोलापूरकराला गारपिटीची वर्दी डोळ्यांच्या आधी कान देतात. मार्च-एप्रिलमधली दुपार. ऊन असे की रस्त्यावरचे डांबर चपलेला धरून ठेवते. चारच्या सुमारास काळेनिळे आभाळ वर चढते, वावटळीत धूळ आणि कागद गरगरू लागतात, बायका गच्चीवरच्या कुरडया-पापड्या गोळा करायला धावतात आणि पहिली गार पडते. ती कशावर पडली हे न बघताच सांगता येते. पत्र्याच्या घरावर ताडताड, स्लॅबवर बद्द, कौलावर पडली तर फुटल्याचा खणका. आणि खिडकीबाहेर बसवलेल्या फायबरच्या कूलरवर पडली, तर ढोलाच्या सैल पानावर बोट मारावे तसा पोकळ, दबका आवाज.

या शेवटच्या आवाजाबद्दल आज लिहायचे आहे. कारण कूलर ज्या पदार्थाचा, त्याच पदार्थाच्या मोटारीही असतात. आणि साध्यासुध्या नव्हेत, चांगल्या दिमाखदार, दोन आसनांच्या, बुटक्या, भन्नाट पळणाऱ्या स्पोर्ट्स कार. अशा गाडीवर गारा पडल्या तर काय होते? प्रश्न ऐकून कोणी म्हणेल, ‘सोलापुरात अशा गाड्या आहेत तरी किती, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांची काळजी आपण कशाला करायची?’ बरोबर आहे. पण या प्रश्नाच्या मागे जाता जाता मी द्राक्षाच्या मांडवात आणि डाळिंबाच्या बागेत पोचलो. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

काचेचे कापड

फायबर म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला समजावणे सर्वांत सोपे. तो मुळात कापडाच्या गावचा. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्या गेल्या, पण माग राहिले आणि चादर-टॉवेलचे नाव राहिले. उभा धागा आणि आडवा धागा, ताण कोणत्या बाजूला किती सोसतो, कुठून उसवते, हे इथल्या पोराला शाळेत शिकवावे लागत नाही.

फायबर ग्लास हे असेच एक कापड आहे. फक्त धागा कापसाचा नाही, काचेचा. काच वितळवून बारीक भोकांतून ओढली की केसाहूनही बारीक तंतू निघतो. जाड काच ठिसूळ, पण तोच पदार्थ तंतूच्या रूपात लवचीक आणि ओढीला कमालीचा चिवट. या तंतूंचे विणलेले कापड किंवा तुकडे विस्कटून दाबलेली मॅट साच्यात अंथरायची, तिच्यावर द्रवरूप राळ, म्हणजे रेझिन, ब्रशने चोपडायची आणि रोलरने हवा काढायची. राळेत हार्डनर मिसळलेला असतो. थोड्या वेळात ती तापते आणि दगडासारखी घट्ट होते. साच्याला सर्वांत आधी रंगीत राळेचा जो गुळगुळीत थर दिलेला असतो तो जेलकोट. साच्यातून वस्तू निघाली की हा थर वर येतो आणि चकाकतो. आत धागा, बाहेर चकाकी.

अमेरिकेत १९३०च्या दशकात काचतंतू कारखान्यात मोठ्या प्रमाणावर निघू लागला. १९५३ साली शेव्हर्ले कंपनीने कॉर्व्हेट नावाची स्पोर्ट्स कार काढली, तिचे सगळे अंग फायबरचे होते. पहिल्या वर्षी ३०० गाड्या झाल्या, साऱ्या पांढऱ्या, आतून लाल. पत्रा दाबायला लागणारे अवाढव्य प्रेस आणि त्यांचे पोलादी साचे परवडत नसतील, थोड्याच गाड्या काढायच्या असतील आणि आकार मात्र वळणावळणाचा हवा असेल, तर फायबरसारखा मित्र नाही. इंग्लंडच्या लोटसने १९५७ साली एलीट गाडीत एक पाऊल पुढे टाकून सांगाडाच जवळपास फायबरचा केला.

आपल्याकडेही ही वाट चोखाळली गेली. बंगळूरच्या सिपानींची डॉल्फिन १९८०च्या दशकातल्या वाचकांना आठवत असेल. दोन दारांची, फायबरच्या अंगाची छोटी गाडी. पुढे १९९८मध्ये सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आली. ती गोव्यात बनत असे, अंग फायबरचे आणि इंजिन रेनोचे. अलिबागला चिंकारा मोटर्सने हाताने थापलेल्या फायबरची रोडस्टर काढली, जुन्या लोटस सेव्हनच्या वळणाची.

यात एक गंमत आहे. गोवा काय किंवा अलिबाग काय, दोन्ही समुद्रकाठची. किनाऱ्यावर गारपीट म्हणजे क्वचितची नवलाई. गारा पडतात त्या घाटाच्या अलीकडे, देशावर, मराठवाड्यात, खानदेशात आणि विदर्भात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात फायबर उत्तम. ते गंजत नाही. कोळ्यांच्या होड्या लाकडाच्या फायबरच्या झाल्या त्या याच गुणामुळे. पण तीच गाडी कोणी हौसेने घाट चढवून आणली, की तिची गाठ एका निराळ्याच शत्रूशी पडते.

गारेचे गणित

भर पावसाळ्यात गारा पडत नाहीत, उन्हाळ्याच्या तोंडाशी पडतात, असे का? जमीन तापलेली, समुद्रावरून आलेली ओलसर हवा खाली आणि वर थंड, कोरडी हवा. अशी मांडणी झाली की तापलेली हवा लिफ्टसारखी सुसाट वर जाते. आपल्याकडे या दिवसांत साधारण साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला पोचते. त्याहून वर पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही न गोठता तरंगत असतात. एखाद्या हिमकणाला ते चिकटले की त्यांचा बर्फ होतो. कण वाढत जातो, वर चढणारी हवा त्याला पेलत राहते आणि पेलवेनासा झाला की तो पडतो. हवेचा जोर जितका अधिक, तितकी गार मोठी. पावसाळ्यात ढग पाण्याने भरलेले असले, तरी हा जोर सहसा नसतो.

पडण्याचा हिशेब बँकेतल्या चक्रवाढ व्याजासारखा आहे. सुरुवातीला किरकोळ वाटतो आणि मग पाहता पाहता अंगावर येतो. १ सेंटिमीटरची गार अर्ध्या ग्रॅमची. ताशी तीसेक किलोमीटर वेगाने पडते. अडीच सेंटिमीटरची ७ ग्रॅमची. वेग ताशी ५०च्या घरात. ५ सेंटिमीटरची ६० ग्रॅमच्या आसपास. वेग ताशी ७० किंवा त्याहून जास्त. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, वेगही वाढतो आणि आघाताची ताकद जवळजवळ सोळापट होते. हरभऱ्याएवढ्या गारेला हसणारा माणूस लिंबाएवढीला पळत सुटतो, ते उगीच नाही.

ही ताकद माणसाचा जीव घेऊ शकते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारांच्या माराने २४६ माणसे मेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीच्या बळींचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. आणि मोटारींचेच बोलायचे, तर १२ जुलै १९८४ रोजी जर्मनीतल्या म्युनिकवर गारा कोसळल्या, तेव्हा सुमारे दोन लाख गाड्यांचे नुकसान झाले. एका संध्याकाळी दोन लाख! विमा कंपन्यांनी गारपिटीला गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली ती अशा दणक्यांनंतर.

त्यात गाडी चालती असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. समजा, गार ताशी ६० किलोमीटरने खाली येते आहे आणि आपण ताशी ८०ने पुढे जात आहोत. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा: गाडीच्या दृष्टीने गार ताशी १००ने येते. आघात जवळपास पावणेतीनपट. म्हणून गारा सुरू झाल्या की घाईने घर गाठण्याच्या भानगडीत पडू नये. वेग कमी करून, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी, पेट्रोल पंपाच्या छपराखाली किंवा ढाब्याच्या शेडखाली थांबावे. झाडाखाली मात्र नाही, कारण गारांबरोबर वारा आणि वीजही असते.

पत्रा आणि फायबर

आता मूळ प्रश्न. मोटारीचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटर जाडीचा. त्यावर गार बसली की तो आत दबतो. थोडा दबला तर परत येतो. जास्त दबला तर तसाच राहतो. त्यालाच आपण पोचा म्हणतो. पोलाद मार खाते, आकार बदलते, पण तुटत नाही. गारपिटीनंतर पत्र्याची गाडी देवी आलेल्या चेहऱ्यासारखी दिसते. नुकसान समोर असते, उन्हात तिरके पाहिले की मोजता येते. कुशल कारागीर मागच्या बाजूने दांड्याने दाबून, रंगाला धक्का न लावता, पोचे काढूही शकतो.

फायबरचा स्वभाव वेगळा. त्याला पोचा माहीतच नाही. त्याची चादर दोन-तीन मिलिमीटर जाड असते. गार आदळली की ती लवते आणि झटकन मूळ जागी येते. बहुतेक लहान गारांबाबत गोष्ट इथेच संपते. शेजारच्या पत्र्याच्या गाडीला पोचे पडलेले असताना फायबरची गाडी जशीच्या तशी दिसते. फायबरचे अभिमानी सांगतात ते खोटे नाही.

पण लवण्याला मर्यादा आहे. चादर बाहेरून आत वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू दाबली जाते आणि आतली बाजू ताणली जाते. हातात वेताची छडी वाकवून पाहा. ताणाच्या बाजूनेच ती तडकते. तसेच इथे होते. मोठी गार बाहेर आदळते आणि धागे तुटतात आतल्या बाजूला. राळेला बारीक चिरा जातात, थर एकमेकांपासून सुटतात. सुटलेल्या जागी आतून पांढरट डाग दिसतो, कारण तिथे हवा शिरलेली असते. बाहेर मात्र चादर परत सपाट झालेली, रंग चकाकतो आहे आणि मालक खुशीत आहे.

मार आणखी जोराचा असेल, तर वरचा जेलकोट चिरतो. एका बिंदूपासून चांदणीसारख्या रेषा फुटतात किंवा बिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी कडी उमटतात. सुरुवातीला या रेषा नखाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मग धुणे होते, पावसाळा येतो, पाणी चिरेतून आत झिरपते, धागा आणि राळ यांची पकड सैल करते. त्यात आमचे सोलापूरचे ऊन! उन्हातल्या अतिनील किरणांनी राळ वर्षानुवर्षे जून होते, ठिसूळ होते. नवी असताना जी चादर गार झेलून परत आली असती, तीच पंधरा वर्षांनी तडकते. फायबरच्या गाडीचे वय म्हणूनच किलोमीटरवर मोजू नये. ती किती उन्हाळे उघड्यावर उभी होती, त्यावर मोजावे.

एक खुलासा इथेच करायला हवा. आपण सरसकट ज्याला ‘फायबर’ म्हणतो, ते बहुतेक वेळा साधे प्लास्टिक असते. आजच्या घरोघरच्या गाड्यांचे बंपर, स्कूटरचे पॅनेल ही सगळी प्लास्टिकची. त्यात काचेचे कापड नसते. ओळखायचे कसे? भाग मागून पाहावा. मागची बाजू खडबडीत आणि तीत विस्कटलेले धागे किंवा विणीचे चौकडे दिसले, तर ते खरे फायबर ग्लास.

आकाशात आणि केगावात

हे मोटारीपुरते आहे असे समजू नका. विमानाच्या नाकाची टोपी साधारणपणे अशाच काचतंतूंची असते. तिच्या आत हवामानाचा रडार असतो आणि धातू रेडिओलहरींना अडवतो, म्हणून तिथे धातू चालत नाही. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान गारांच्या वादळात सापडले. आत दोनशेहून अधिक प्रवासी होते. विमान सुखरूप उतरले, पण त्याच्या नाकाची फुटलेली टोपी छायाचित्रांतून देशभर पाहिली गेली. ताशी कित्येक शे किलोमीटर वेगात समोरून आलेल्या गारेपुढे काचेच्या कापडाने शेवटी हात टेकले, पण मागच्या माणसांना इजा होऊ दिली नाही.

आणि सोलापूरकरांनो, आपल्याच पुणे रस्त्यावर केगावला, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इमारतीवर, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढग पाहण्यासाठी रडार बसवले होते. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, त्यासाठी. क्षारकण फवारलेल्या ढगांतून सुमारे १८ टक्के जास्त पाऊस मिळाला, असा निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रडारवर जो पांढरा गोल घुमट असतो, तोही बहुधा काचतंतूंचाच. हा प्रयोग पाऊस वाढवण्याचा होता, गारा थांबवण्याचा नव्हे. गारा फोडण्यासाठी आभाळाकडे तोफा डागण्याचे प्रकार जगात अनेक ठिकाणी झाले, हिमाचलच्या सफरचंदवाल्यांनीही ते केले. पण त्यांचा उपयोग होतो असे शास्त्राने अजून मान्य केलेले नाही.

त्याच केगावात २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्याचा या लेखाशी काय संबंध, ते आता येईल.

विम्याची टक्केवारी

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की तिचा घसारा किती, हा प्रश्न मनात येतोच. मोटार विम्याच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पूर, वादळ यांच्याबरोबर गारपिटीचा उल्लेख नावानिशी असतो. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल, तर मात्र गारांची भरपाई नाही. भाग बदलावा लागला तर कंपनी घसारा वजा करते. त्याचा तक्ता वाचनीय आहे: प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांना ५० टक्के घसारा, काचेला शून्य आणि फायबर ग्लासला ३० टक्के. काच आणि प्लास्टिक यांचे लग्न झाले, तर तडजोड कुठे व्हावी, हे विमावाल्यांनी असे परस्पर ठरवून टाकले आहे!

पत्र्याला घसारा गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, तिसऱ्या ते चौथ्या वर्षात २५ टक्के, चौथ्या ते पाचव्यात ३५, पुढे दहाव्यापर्यंत ४०. म्हणजे गाडी चार वर्षांची होईपर्यंत पत्रेवाला फायद्यात, नंतर फायबरवाला. समजा, फायबरचे बॉनेट ४०,००० रुपयांचे. १२,००० घसाऱ्याचे गेले, शिवाय मालकाच्या वाट्याचे सक्तीचे हजार किंवा दोन हजार. उरलेले हाती येतात. शून्य घसाऱ्याचे जोडकलम घेतले असेल, तर ही कात्री लागत नाही.

पण हे सगळे नुकसान दिसले तर!

मार्च २०१४

फेब्रुवारी २०१४च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, ती अनुभवलेला शेतकरी विसरणार नाही. मराठवाडा, विदर्भ, आपला सोलापूर जिल्हा. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आज इथे तर उद्या तिथे. शेतात पांढरा थर, झाडाखाली मेलेले पक्षी. द्राक्षे काढणीला आलेली. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवड करून ज्या सोनाका द्राक्षाला नाव मिळवून दिले, तसल्या लांबट मण्यांचे घड मांडवाखाली चिखलात पडलेले.

त्या दिवसांत मी नोकरीत होतो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे फायबरची दोन आसनी गाडी होती, जुनी, पण जिवापाड जपलेली. गारा पडल्या तेव्हा ती दवाखान्यासमोर उघड्यावर होती. शेजारी कंपाउंडरच्या भावाची साधी पत्र्याची गाडी. पत्र्याच्या टपावर पोचे मोजून चाळीस-पन्नास. फायबरच्या गाडीवर एकही नाही. विम्याचा सर्व्हेअर आला, दोन्ही गाड्यांभोवती फिरला. पत्र्याचा दावा मंजूर, फायबरच्या कागदावर ‘दृश्य नुकसान नाही’. डॉक्टरांनी खुशीत सर्वांना चहा पाजला.

ऑगस्टमध्ये बॉनेटवर चांदण्या उमटल्या. सप्टेंबरात रंगाला फोड आले. बॉनेट उचलून आतून पाहिले, तर रुपयाएवढे पांढरे डाग, जागोजाग. दुसरा दावा केला, तर प्रश्न आला: ‘हे कोणत्या घटनेचे?’ मार्चच्या गारांचे म्हणावे, तर मार्चच्या कागदावर नुकसान नाही. त्यानंतर गारा नाहीत. दावा गेला. डॉक्टरांचे पंचवीस-तीस हजार गेले. ते हळहळले, पण त्यांना ते सोसवण्यासारखे होते.

त्याच वर्षी सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंबवाल्याचे कर्जखाते माझ्या टेबलावर होते. आंबे बहर धरलेला, मार्चमध्ये फळे लिंबाएवढी. गारांनी काही झोडपून पाडली, बाकीची झाडावर राहिली. तेव्हाचा सरकारी नियम असा की नुकसान पन्नास टक्क्यांच्या वर असेल, तरच मदत आणि त्याच मापाने कर्जाची फेरमांडणी. पंचनाम्यात त्याचे नुकसान पंचेचाळीस टक्के आले. पंचनामा करणाऱ्याने काही लबाडी केली नव्हती. पडलेली फळे मोजली आणि लिहिली. झाडावरच्या फळांवर गव्हाच्या दाण्याएवढे चट्टे होते, फांद्यांची साल जागोजाग सोललेली होती. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

डाळिंबाला तेल्या नावाचा रोग होतो. तो जिवाणूंमुळे होतो आणि जखमेतून झाडात सहज शिरतो; पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो. केगावच्या केंद्रात ज्या रोगावर वर्षानुवर्षे काम चालले आहे, तो हाच. म्हणूनच गारपिटीनंतर मोडक्या फांद्या छाटून ताबडतोब बोर्डो मिश्रणासारखे ताम्रयुक्त औषध फवारायला सांगतात. या माणसाने फवारले, पण पैशांअभावी एकदाच. जूनचा पाऊस आला आणि मार्चमध्ये वाचलेल्या फळांवर तेलकट काळे डाग पडले. फळे उभी चिरली. जुलैमध्ये तो बँकेत आला, तेव्हा एक डाळिंब पिशवीतून काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाला, ‘साहेब, हे मार्चातच मेलं होतं. दिसलं आत्ता.’

मी खाते वरच्या कार्यालयाकडे शिफारशीसह पाठवले. उत्तर नियमाप्रमाणे आले. पुढच्या वर्षी त्याने निम्मी बाग काढून टाकली आणि ज्वारी पेरली. एप्रिल २०१५मध्ये केंद्र सरकारने पन्नास टक्क्यांची अट तेहतीसवर आणली. त्याच्या पंचेचाळीसला ती वर्षभर उशिरा पोचली.

गाडी आणि बाग यांची तुलना करू नये, हे मला कळते. एक हौस, दुसरी भाकरी. पण दोन्हीकडे मोजणाऱ्याने एकच गोष्ट केली: तो एकदाच आला आणि वरून पाहून गेला. पत्र्याला आणि पडलेल्या घडाला ते पुरते. फायबरला आणि झाडाला नाही. त्यांचे नुकसान दोन हप्त्यांत होते आणि पंचनामा फक्त पहिल्या हप्त्याचा होतो.

काय करावे

डॉक्टरांच्या गाडीच्या निमित्ताने अक्कलकोट रस्त्यावरच्या एका शेडमध्ये फायबरचे काम करणाऱ्या कारागिराशी माझी ओळख झाली. कूलरच्या बॉड्या, बागेतल्या घसरगुंड्या, ट्रकचे मडगार्ड, सगळे त्याच्याकडे दुरुस्त होते. त्याने खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि बॉनेटवर टिचक्या मारत गेला. टक्, टक्, टक्, आणि मध्येच थद्. ‘इथे सुटलंय,’ म्हणाला आणि खडूने गोल केला. पुन्हा टक्, टक्. पंधरा मिनिटांत अकरा गोल झाले. पुढे वाचनात आले की विमानाच्या कारखान्यातले तपासनीसही अशा भागांची पहिली चाचणी नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकूनच करतात.

त्याची दुरुस्तीची रीत अशी: चिरेवर नुसती लांबी भरून रंग मारायचा नाही, ती सहा महिन्यांत पुन्हा उघडते. सुटलेला भाग निरोगी थर लागेपर्यंत घासून काढायचा, कडा बशीसारख्या उतरत्या करायच्या, आतून मॅटचा आधार द्यायचा, मग बाहेरून लहान तुकड्यावर मोठा तुकडा असे थर राळेने बसवायचे. पूर्ण वाळल्यावर घासून रंग. उसवलेल्या चादरीला रफू करतात, तशातलाच प्रकार. जुन्या धाग्यात नवा धागा पुरेसा आतपर्यंत गेला पाहिजे. काम करताना नाकावर मास्क आणि हातात मोजे हवेत, काचेची धूळ वाईट.

ज्यांच्याकडे अशी गाडी असेल, त्यांनी गारांचे आभाळ दिसताच ती छपराखाली न्यावी. छप्पर नसेल, तर घरातली जाड वाकळ किंवा दोन-तीन सोलापुरी चादरींची घडी बॉनेटवर आणि टपावर टाकून दोरीने बांधावी. मऊ थर आघात पसरवतो, एका बिंदूवर पडू देत नाही. गारा थांबल्यावर दुसऱ्या दिवशी बॉनेट उचलून आतून बॅटरीचा प्रकाश टाकावा, पांढरे डाग शोधावेत, नाण्याने ठोकावे आणि जिथे थद् वाजेल तिथे खडूची खूण करून छायाचित्र काढावे. विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे, आणि सर्व्हेअर आला की त्याला गाडीभोवती फिरवून चहा देण्याआधी गाडीखाली वाकायला लावावे. ‘आतली बाजू तपासली’ एवढे तरी त्याच्या कागदावर यायला हवे.

आणि ज्यांच्याकडे बाग आहे, त्यांनीही झाडावर राहिलेल्या फळांची, सोललेल्या सालीची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत. पंचनाम्याच्या वेळी ‘जखमी फळे’ असा शब्द लिहून मागावा. फॉर्मात रकाना नसेल, तर शेऱ्यात लिहून घ्यावे. शेरा कोणी वाचत नाही, असे म्हणतात. मी बँकेत बत्तीस वर्षे शेरे वाचले आहेत. लिहिलेला असेल, तरच वाचता येतो.